तालमींच्या ध्वनिफिती आणि संकेतस्थळाचे कुलूप

पुण्यातील एका छोट्या संगीतसंस्थेने आपल्या दिवंगत गुरुजींच्या तालमींच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून संकेतस्थळावर ठेवल्या होत्या, आणि अल्प वर्गणी भरणाऱ्या शिष्यांना त्या तेथे ऐकता येत असत. त्यांतील बहुतेक तालमी एका अनोळखी व्हिडिओ वाहिनीवर गुरुजींच्या छायाचित्रासह फुकट ऐकू येत आहेत, असे सांगणारा फोन संस्थेच्या चिटणीस ताईंनी मला एका सकाळी केला. संकेतस्थळ पूर्वी दुसऱ्या कुणी बांधले होते. चोरी कशी झाली ते शोधणे आणि ती पुन्हा होऊ नये याची तजवीज करणे हे काम माझ्याकडे आले.

ध्वनी आमच्याच संकेतस्थळावरून गेला, की कुणाच्या घरच्या कॅसेटवरून, हे आधी ठरवणे आवश्यक होते. मूळ वेव्ह प्रतीचा (न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या फाइलीचा) वर्णपट, म्हणजे कोणत्या कंप्रतेचा आवाज किती आहे हे दाखवणारा आलेख, काढला, तेव्हा टेपची खरखर अगदी वरच्या कंप्रतेपर्यंत पसरलेली दिसली. वाहिनीवरील प्रतीत मात्र ती १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी थांबत होती. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीत, म्हणजे दाबून लहान केलेल्या ध्वनिफाइलीत, बहुधा असाच काप दिसतो आणि संकेतस्थळावरील फाइली त्याच दर्जाच्या होत्या. तरीही अशा वाहिन्या आवाज स्वतःही पुन्हा दाबतात, त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढणे योग्य नव्हते.

खरा पुरावा सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी कोणती फाइल केव्हा मागितली याच्या नोंदवहीत, मिळाला. पानावर माउसची उजवी कळ बंद केलेली होती आणि प्लेअरमधील डाउनलोडचे बटणही लपवलेले होते. परंतु ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्कचा भाग उघडला, की फाइलचा पूर्ण पत्ता समोर येत असे आणि तो पत्ता लॉगिन न केलेल्या माणसालाही फाइल देत असे. त्यातच फाइलींची नावे ००१, ००२ अशी ओळीने दिलेली होती. एखादा शिष्य ऐकत असतो तेव्हा ब्राउझर फाइल बहुधा भागाभागाने मागतो. लॉगमध्ये २०६ या संकेताच्या (फाइलचा काही भागच दिला, अशा अर्थाच्या) नोंदी उमटतात, त्यांच्यामध्ये वेळ गेलेला असतो, आणि अवघड तान पुन्हा ऐकली असेल तर तोच भाग परत मागितलेलाही दिसतो. येथे मात्र पहाटेच्या वेळी एकाच आयपी पत्त्यावरून अख्ख्या फाइली एकापाठोपाठ एक उचललेल्या होत्या, त्याही ऐकण्याच्या वेगाच्या कितीतरी पट वेगाने. त्या नोंदींमागे ऐकणारा कान नव्हता, हे पाहून मला फार वाईट वाटले.

उपाय त्याच दिवशी सुरू केले. फाइली सार्वजनिक फोल्डरमधून हलवल्या. प्रत्येक श्रोत्याला लॉगिननंतर, सर्व्हरने सही केलेला आणि ठरावीक वेळेनंतर निकामी होणारा पत्ता मिळेल अशी व्यवस्था केली. तालमी एचएलएस या इंटरनेटवरून ध्वनी ऐकवण्याच्या पद्धतीने छोट्या तुकड्यांत कापून एईएस-१२८ या कूटपद्धतीने कूटबद्ध केल्या आणि ते कूट उलगडणारी किल्ली लॉगिन तपासूनच द्यायची असे ठरवले.

दुपारच्या बैठकीत गुरुजींचे ज्येष्ठ शिष्य, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी विचारले, “आता कुणालाच कॉपी करता येणार नाही ना?” मी नव्या व्यवस्थेतून एक बंदिश लावली आणि लॅपटॉपच्या स्पीकरकडे जाणारा आवाज त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून त्यांना ऐकवला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. ब्राउझरमध्ये याहून कडक कुलूप बसवता येते. त्यासाठीचे एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स हे मानक वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१७ साली मंजूर केले. पण त्याला परवाना देणारा वेगळा सर्व्हर लागतो, जुन्या फोनवर अडचणी येतात, आणि स्पीकरसमोर दुसरा फोन धरणाऱ्याला ते अडवू शकत नाही. ॲपलने आपल्या दुकानातील गाण्यांवरची अशी कुलुपे २००९ साली काढून टाकली, हेही मी सांगितले.

चिटणीस ताईंनी तेव्हा कोकणातील विद्यार्थ्यांचा विषय काढला. त्यांच्या गावांत नेटवर्क टिकत नाही, म्हणून ते तालीम उतरवून घेऊनच रियाज करतात. त्यांची सोय बंद करणे मला मान्य नव्हते, कारण संस्थेने हे सारे त्यांच्यासाठीच उभे केले होते. म्हणून उतरवून घेण्याची मुभा ठेवायची, परंतु प्रत्येक प्रतीत घेणाऱ्याची खूण घालायची, असा निर्णय झाला. एमपीथ्रीच्या टॅगमध्ये लिहिलेले नाव क्षणात पुसता येते; आवाजातच मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण नीट घातली असेल तर फाइल पुन्हा दाबल्यावरही टिकू शकते. मी जोरकस खुणेची चाचणी प्रत वाजवली, तेव्हा काकांनी लगेच हात वर केला: तंबोऱ्याच्या जवारीत (तारांच्या गुंजनात) त्यांना खरखरीतपणा जाणवला होता. माझ्या कानाला तो आधी कळलाच नव्हता. खुणेचा जोर त्यांना काही जाणवेनासे होईपर्यंत कमी केला. तिचा टिकाऊपणा त्यामुळे थोडा घटला, पण आवाज बिघडवून त्याचे रक्षण करण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

संध्याकाळी, ती वाहिनी ज्या व्हिडिओ संकेतस्थळावर होती ते चालवणाऱ्या कंपनीला नोटीस पाठवली. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आले असून, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मात्र येथे तोडण्याजोगे संरक्षण मुळात नव्हतेच, म्हणून आम्ही ध्वनिमुद्रणावरील संस्थेचा हक्क आणि कलाकाराचा हक्क यांवरच भर दिला. २०१३च्या कॉपीराइट नियमांनुसार अशा तक्रारीनंतर मध्यस्थाने, म्हणजे इतरांची सामग्री ठेवणाऱ्या अशा कंपनीने, ३६ तासांत त्या सामग्रीबाबत पावले उचलणे अपेक्षित असते. तालमी त्या वाहिनीवरून काढल्या गेल्या. मूळ वेव्ह प्रती आता इंटरनेटशी न जोडलेल्या दोन हार्ड डिस्कवर आहेत, त्यांतील एक काकांच्या घरी आहे.