तुम्ही विचारलंत म्हणून: पगारातून देणगी कापायची योजना कशी चालवायची?

एचआरमध्ये काम करणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "आमच्याकडे दोनशे माणसं आहेत. दरमहा पगारातून शे-दोनशे रुपये कापून एखाद्या संस्थेला द्यायचेत. सुरुवात कुठून करू?" उत्तरात त्यांना संस्थांची यादी हवी असते. पण संस्था सापडतात. अशा योजना बुडतात त्या दोन ठिकाणी: माणसांकडून होकार कसा घेतला तिथे, आणि पे-रोलच्या एक्सेल शीटमध्ये.

होकाराचं आधी. २०१८च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार मुख्यमंत्री मदतनिधीला द्यायचं आवाहन केलं. ज्याला द्यायचा नाही त्याने तसं लिहून द्यावं, अशी अट आदेशात होती. केरळ उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. आपल्याकडच्या 'एक दिवसाचा पगार कापण्यात येईल, हरकत असल्यास कळवावे' छापाच्या परिपत्रकातही खोट तीच आहे. हरकत कळवायची कुणाला? तर साहेबांना. मग कोण कळवणार?

म्हणून गप्प बसणं म्हणजे 'नाही', असंच धरायचं. ज्याला द्यायचंय त्याने फॉर्म भरावा: कर्मचारी क्रमांक, पॅनवर आहे तसंच नाव, पॅन, पत्ता, संस्था, दरमहा रक्कम, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, सही. यातलं 'पर्यंत' गाळू नका. बारा महिने ठेवा आणि वर्षाने पुन्हा विचारा. फॉर्म एचआरकडे जावा, विभागप्रमुखाच्या टेबलावरून नको. देणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावू नका, विभागवार टक्केवारीही नको. सहा जणांच्या स्टोअर्स विभागात '८३ टक्के सहभाग' लिहिलंत की न देणारा कोण, हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्याला कळतं. कामगारांच्या वेतनातून काय कापता येतं यावर वेतन कायद्याची बंधनं आहेत, तेव्हा शॉप फ्लोअरवर योजना न्यायच्या आधी लेबर कन्सल्टंटला फॉर्म दाखवा. कंत्राटी कामगारांना यात घेऊ नका. त्यांचा पगार तुम्ही काढत नाही.

दुसरा प्रश्न कराचा. ब्रिटनमध्ये १९८७पासून अशी देणगी प्राप्तिकर लागण्याआधीच पगारातून वजा होते. आपल्याकडे तसं नाही. पीएफ, प्रोफेशन टॅक्स, टीडीएस सगळं गेल्यावर हातात येणाऱ्या पगारातून ती कापायची. सवलत आयकर कायद्यातल्या ८०जी या देणगी-वजावटीच्या कलमाखाली, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. (१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. ऑफिसात सगळे अजून ८०जीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. फॉर्मचे चालू आकडे मात्र सीएकडून ताडून घ्या.) दरमहा ३०० म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीवर ५० टक्के वजावट, म्हणजे १,८००. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर सेससह ३७४ रुपयांनी कमी होतो. नव्या प्रणालीतल्या माणसाचा शून्य. तेव्हा 'टॅक्स वाचेल' असं सांगून योजना विकू नका. जुलैत रिटर्न भरताना लोक तुम्हालाच धरतील.

प्रधानमंत्री राष्ट्रीय मदतनिधी किंवा मुख्यमंत्री मदतनिधीला ऑफिसातर्फे एकत्र पैसे गेले, तर ऑफिसच्या दाखल्यावर वजावट मिळते आणि टीडीएस कापतानाही ती धरता येते. गावातल्या शाळेला किंवा रुग्णसेवा करणाऱ्या ट्रस्टला दिलेली देणगी टीडीएसमध्ये धरता येत नाही, ती कर्मचाऱ्याने रिटर्नमध्येच मागायची. त्यासाठी त्याला हवा संस्थेने दिलेला १०बीई, म्हणजे त्याच्या नावाचा देणगीचा दाखला. गाडी रुतते ती इथे.

होतं असं. दीडशे जणांचे प्रत्येकी २०० धरून दरमहा ३०,००० रुपये कंपनीच्या खात्यातून एका एनईएफटीने जातात. संस्थेच्या पासबुकात नाव दिसतं कंपनीचं. तिथला हिशेबनीस पावती कंपनीच्या नावाने फाडतो आणि वर्षअखेरीला आयकर खात्याकडे भरायच्या देणगीदारांच्या १०बीडी विवरणात पॅनही कंपनीचाच टाकतो. दीडशे जणांचं नाव कुठेच नाही. उलट कंपनीच्या नावावर ३,६०,००० रुपयांची देणगी चढते, जी तिने दिलेलीच नाही.

उपाय साधा आहे, पण दर महिन्याला करावा लागतो. ज्या दिवशी पैसे जातात त्याच दिवशी संस्थेला शीट पाठवा. त्यात नाव, पॅन, पत्ता, रक्कम आणि वर एनईएफटीचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक. शीटची बेरीज आणि बँकेतली रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे. ती चुकते बिनपगारी रजेमुळे आणि सोडून गेलेल्यांमुळे. एखाद्याचा हातातला पगारच कमी आला, तर त्या महिन्याची देणगी सोडून द्या, पुढच्या महिन्यात दुप्पट कापू नका. नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, म्हणजे फुल अँड फायनलमधून, तर कापूच नका. अकाउंट्समध्ये या रकमेचं वेगळं देणं-खातं उघडा, 'डोनेशन' या खर्चाच्या सदराखाली टाकू नका. पैसा कर्मचाऱ्यांचा आहे, कंपनी फक्त हमाल. पगार झाल्यापासून सात दिवसांत तो संस्थेकडे पोचावा, नाहीतर अकाउंट्सवाले 'तिमाहीचं एकदम पाठवू' म्हणतात आणि मार्चची रक्कम एप्रिलात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते.

१०बीडी भरायची आणि १०बीई द्यायची मुदत आजवर ३१ मे राहिली आहे. संस्थेला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर्षभराची बेरीज केलेली एकच शीट त्यांना द्या आणि भरण्याआधीचा मसुदा मागून घ्या. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तरी सुधारित विवरण भरता येतं, पण जुलैत भरायला लावलंत तर हिशेबनीस तुमचा फोन उचलणार नाही.

संस्था निवडताना तीन ठेवा, फार तर चार. ८०जीच्या दाखल्याची तारीख स्वतः वाचा. २०२१मध्ये नव्याने नोंदणी केलेल्या बहुतेक संस्थांची मुदत पाच वर्षांची होती, ती ३१ मार्च २०२६ला संपली. वेबसाइटवर मात्र जुनाच दाखला लटकत असतो. महाराष्ट्रातली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. हिशेब मागितल्यावर जी संस्था स्मरणिका आणि फोटो पाठवते, तिला नमस्कार करा.

"कंपनीने तेवढीच भर घालावी का?" घालावी, त्याने सहभाग खरंच वाढतो. माणशी वार्षिक मर्यादा आधी ठरवा, समजा ५,०००. ही भर कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खालच्या सीएसआरच्या, म्हणजे नफ्यातून सामाजिक कामावर खर्चायच्या, दोन टक्क्यांत धरायची असेल, तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी आणि काम त्याच कायद्याच्या अनुसूची सातमधल्या यादीत बसायला हवं. कर्मचाऱ्यांनी दिलेला वाटा त्या दोन टक्क्यांत कधीच धरता येत नाही, काही फायनान्सवाले तो हळूच घुसवू पाहतात. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत आणखी एक गोची होते. भर घालते अमेरिकेतली मूळ कंपनी, आणि परदेशातून येणारा तो पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यात घेता येतो. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी नसते. अशा वेळी भर इथल्या भारतीय कंपनीच्या नफ्यातून घाला, नाहीतर कर्मचाऱ्यांना आधीच सांगा की या संस्थेला भर मिळणार नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दानउत्सव (देशभरातला देण्याचा आठवडा) येतो, तेव्हा कपडे आणि पुस्तकं गोळा करायची लाट असते. जरूर करा, पण वस्तूंवर ८०जी नाही. आणि संस्थेला काय हवंय ते आधी विचारा. फाटके स्वेटर विरारला पाठवून टेम्पोभाडं मात्र जातं.

राहता राहिला योजनेतून बाहेर पडायचा रस्ता. त्यासाठी वेगळा फॉर्म ठेवू नका, कारणही विचारू नका. एचआरला एका ओळीचा ईमेल पुरे. पे-रोल २०-२२ तारखेला गोठतो, त्याआधी आला तर याच महिन्यापासून बंद, नंतर आला तर पुढच्या.