मनी हरवली, मुक्काम वाढला

चार दिवसांची सहल होती. ठरवलेल्या जागांपैकी एकही पाहून झाली नाही. पाहिलं ते शेजारच्या घराच्या फळ्यांखालचं, तेही पोटावर पडून. मांजर घेऊन निघणार असाल तर आमचा हा गोंधळ वाचून जा.

निघताना तयारी चोख होती. मनीला मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली, ओळख-नंबर असलेली बारीकशी चिप) होती, गळ्यातल्या पट्ट्यावर माझा नंबर होता आणि गाडीत ती कॅरियरमध्येच होती. तासभर ओरडली, मग झोपली. मुक्कामी पोचल्यावर सामान आत आणायला मी दार सताड उघडं ठेवलं, आणि बिचारी अवघडली असेल म्हणून ताईने कॅरियरची जाळी उघडली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी गाडीचं दार धाडकन लावलं. माझ्या पायांमधून शेपटीचं पांढरं टोक गेलं, एवढंच दिसलं. (ताईला मी काही बोललो नाही. दार मी उघडं ठेवलं होतं.)

पुढे आम्ही दिवसभर जे केलं ते अजिबात करू नका. "मनीऽ मनीऽ" करत दोन-अडीच किलोमीटर पालथे घातले. घरी एका हाकेला येते, इथेही येईल, असं डोक्यात. पण परक्या जागी बुजलेलं मांजर मालकाच्या आवाजालाही ओ देत नाही. जवळची पहिली अंधारी फट गाठतं आणि चिडीचूप बसून राहतं. ते रात्री वाचनात आलं. हरवलेल्या मांजरांबद्दल २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, १२१० मांजरांच्या माहितीवरचा. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. आणि आम्ही गाडी घेऊन फिरत होतो!

कुत्र्याचं वेगळं असतं. घाबरून सुटलेलं कुत्रं बरंच लांब जाऊ शकतं आणि मागे धावलात की आणखी पळतं. ते दिसलं तर त्याच्याकडे तोंड न करता, बाजूला वळून जमिनीवर बसा, डोळ्याला डोळा देऊ नका, आणि त्यालाच जवळ येऊ द्या.

चिपबद्दल एक सांगतो, कारण त्या दिवशी दोघांनी तरी मला "मग लोकेशन बघा ना" म्हणून सुचवलं. चिपमध्ये बॅटरी नसते, जीपीएस नसतं. स्कॅनर अगदी जवळ धरला की १५ अंकी नंबर दिसतो, बस. त्या नंबरापुढे नोंदलेला फोन चालू असेल तरच उपयोग. माझा जुना, बंद झालेला नंबर तिथे तसाच होता. रात्री अकरा वाजता तो बदलला. तुम्ही निघायच्या आधी बदला.

दुसऱ्या दिवशी घराभोवतीच, पण गुडघ्यावर बसून शोधायला लागलो. शेजारच्या कुंपणाच्या तारेला मनीचा पट्टा लटकलेला मिळाला. ओढ बसली की आपोआप सुटणारा होता, म्हणून गळा वाचला. शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी "आमच्याकडे नाही" असं मनापासून सांगितलं होतं. पण माणूस फार तर अंगणात नजर टाकतो, फळ्यांखाली वाकत नाही. तेव्हा परवानगी मागा आणि स्वतः बघा: पायऱ्यांखाली, लाकडांच्या ढिगाआड, शेडच्या मागे. पोस्टर लावाल तर ओळखीची एक खूण त्यावर लिहू नका. "सापडलं, आधी पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला ती विचारता येते.

रात्री वर्दळ थांबल्यावर पुन्हा गेलो. टॉर्च हातात खाली धरू नका, स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत धरा. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे डोळे चमकतात, पण टॉर्चच्या रेषेतूनच ते नीट दिसतात. अडीचच्या सुमारास फळ्यांखाली अगदी आत दोन हिरवे ठिपके दिसले. आमच्या दारापासून तीस पावलं.

ताई हात घालायला निघाली, तिला मागे ओढलं. पकडायला गेलो असतो तर मनी दुसऱ्या बाजूने सटकली असती. टॉर्च बाजूला वळवला, तिचा खाऊ जमिनीवर ठेवला, शेजारी मी वापरलेला टी-शर्ट टाकला आणि जरा लांब पाठ करून बसलो. पाऊण तास काही नाही. मग चपचप आवाज आला. वळलो नाही. थोड्या वेळाने कोपराला ओलं नाक लागलं.

सकाळी डॉक्टरांना दाखवलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून धडधाकट दिसलं तरी तपासून घ्यावं. मनी ठीक होती, फक्त मिशांत जळमटं अडकली होती.

परतीच्या मुक्कामी कॅरियर थेट बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, कडी घातली. मग ताईने विचारलं, "उघडू?" मी कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.