सोलापुरात फोटो काढायला आहे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमचं बाळीवेशीत मेडिकल आहे. औषधांची पिशवी हातात घेता घेता काउंटरमागच्या भिंतीकडे बघून कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, हे सगळे फोटो सोलापुरातलेच? सोलापुरात फोटो काढायला आहे तरी काय?" मागे चार माणसं उभी असतात, हातात चिठ्ठी असते, त्यामुळे "आहे की पुष्कळ" एवढंच बोलून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. पण हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मिळायला मला वर्ष लागलं.

मागच्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यात माझ्या पुतण्याने आणि मी मिळून बावन्न चिठ्ठ्या लिहिल्या आणि शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द. पांढरा. हात. आवाज. सावली. वाट. चार. उंबरा. निम्मे त्याचे, निम्मे माझे, आणि कुणी काय लिहिलं ते एकमेकांना सांगायचं नाही. सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी एक चिठ्ठी काढायची आणि रविवारी रात्री नऊच्या आत त्या शब्दाचा फोटो झालेला पाहिजे. जुना फोटो चालणार नाही. कॅमेरा एकच, सेकंडहँड घेतलेला, आणि लेन्सही एकच, ५० एमएमची. झूम नाही. जवळचं हवं असेल तर आपण चालत जवळ जायचं. सोमवारी चार बाय सहाची प्रिंट काढून भिंतीवर लावायची, फोटो आवडो न आवडो.

दुकान सकाळी नऊला उघडतं. म्हणजे मला मिळायची ती सकाळची सहा ते साडेआठची वेळ आणि रविवार. उन्हाळ्यात तर आठ वाजताच ऊन असं तापतं की माणसांचे डोळे खोबणीत काळे दिसायला लागतात.

पहिल्या पाच-सहा आठवड्यांत मी सगळ्यांना माहीत असलेल्या जागा संपवल्या. सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळ्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, महापालिकेची इंद्रभुवनची इमारत, कंबर तलाव. फोटो चांगले आले, घरच्यांनी कौतुकही केलं. पण ते कुणीही काढले असते तरी तसेच आले असते. ऑगस्ट उजाडला, बरणीत पंचेचाळीसच्या आसपास चिठ्ठ्या शिल्लक, आणि माझ्याजवळचं सोलापूर संपलेलं.

त्या सोमवारी चिठ्ठी निघाली 'आवाज'.

आवाजाचा फोटो म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाला पूर्वभागातले माग आठवणार. एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने यंत्रमागाच्या कारखान्यात जायला मिळालं. आत पाऊल टाकलं की आवाज कानाला लागत नाही, छातीला लागतो. माणसं ओठांवर आणि बोटांवर बोलतात. पहिल्या दिवशी मी पन्नासेक फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर निम्म्यांवर आडवे काळे पट्टे. कारण साधं आहे, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर त्याहून वेगाने उघडमीट केलं तर चौकटीचा काही भाग उजेडात सापडतो, काही अंधारात. शटर १/१०० वर किंवा १/५० वर ठेवलं की पट्टे जातात. तुमच्यापैकी कुणी कारखान्यात फोटो काढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पट्टे गेलेले फोटोही मला पटले नाहीत. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची पांढरी रेघ आली होती, त्यात वेग होता, आवाज नव्हता. म्हणून गुरुवारी परत गेले. चहाची वेळ होती. एका मामांनी मागाशेजारच्या फळीवर चहाचा ग्लास ठेवला होता आणि कापसाचं तूस पडू नये म्हणून त्यावर बशी पालथी घातली होती. मला बघून त्यांनी मान हलवली, बशी उचलली, आणि मी बघतच राहिले. चहावर वर्तुळं उमटत होती, काठापासून मध्याकडे, एकामागे एक, माग चालेल तितका वेळ. ग्लास कुणी हलवत नव्हतं. तो आवाजच होता, चहात उतरलेला.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे फोटो तुम्हाला हजारो मिळतील. तो ग्लास मात्र दुसऱ्या फेरीत, चहाच्या वेळेला, मामांनी बशी उचलली म्हणून दिसला. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथे सुरू होतं. बावन्न आठवड्यांना बावन्न जागा लागत नाहीत. मला सात-आठ पुरल्या, पण त्या प्रत्येक जागी मी पुन्हा पुन्हा गेले.

दिवाळीच्या आधी 'हात' निघालं. पूर्वभागातच एका गल्लीत दारोदार बायका विड्या वळत बसतात, तिथे गेले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. पान पत्र्याच्या मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळलं, टोक दुमडलं, दोरा. बोलताना हात थांबत नाहीत आणि हातांकडे बघावंही लागत नाही. सगळ्या उंबऱ्याजवळ बसलेल्या, कारण उजेड तिथेच. मी फोटोसाठी जो उजेड शोधत होते, त्यात त्या रोज सकाळपासून बसत होत्या. मी खाली बसले, परवानगी विचारली आणि एका मावशींच्या बोटांचे फोटो काढायला लागले. दोन-तीन काढून झाले तशा त्या म्हणाल्या, "अक्का, हाताचं काय करता ओ? तोंडाचा काढा की."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, पदर नीट घेतला, आत जाऊन टिकली बदलून आल्या आणि भिंतीला टेकून सरळ उभ्या राहिल्या. तोवरच्या वीस आठवड्यांत कॅमेऱ्यासमोर इतकं मन लावून कुणी उभं राहिलं नव्हतं. हातांचा फोटो भिंतीवर लागला, कारण चिठ्ठी हाताची होती. पण पुढच्या रविवारी मी तोंडाच्या फोटोची प्रिंट घेऊन त्या गल्लीत गेले. ती प्रिंट पाच घरं फिरून आली. मग सासूचा, नातीचा, शेजारणीच्या लेकीचा, असे सगळ्यांचे फोटो काढले. त्यानंतर त्या गल्लीत मला कधी परवानगी विचारायची वेळ आली नाही, तरी मी विचारते.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विडी कामगार बायकांच्या हातांचे, सुरकुत्यांचे फोटो खूप जण काढून नेतात. त्यांना हवा असलेला फोटो त्यांना कोण देतं? तेव्हापासून मी नियमच केला की चिठ्ठीसाठी एक फोटो घेतला तर समोरच्याला त्याच्या मनासारखा एक काढून द्यायचा, आणि तो मोबाइलवर न पाठवता कागदावर नेऊन द्यायचा. प्रिंट द्यायला गेलं की दुसरी फेरी आपोआप होते.

काही आठवडे नुसतेच गेले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथाच्या गर्दीत काढलेले फोटो गर्दीचेच आले. हुरड्याचा धूर काही साधला नाही. 'प्राणी' निघालं तेव्हा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेले. माळढोक हा तिथला दुर्मिळ पक्षी दिसला नाही, आणि लांब उभा काळवीट ५० एमएममधून मोहरीएवढा आला. पण तो फोटो मला आज आवडतो. माळ केवढा आहे ते त्या मोहरीमुळेच कळतं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आठवड्यातच 'पांढरा' निघालं. संक्रांतीच्या दिवसांत सोलापूर पांढरं होतं: नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे, मानकरी बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यात, मागे चालणारे बाराबंदीत, कडेवरची पोरंही बाराबंदीत. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो, तिथे मी दोन तास आधी जाऊन जागा धरली. पण कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड ठरवतो, म्हणून सगळी चौकट पांढरी असली की बाराबंद्या मळकट दिसतात. घरातून निघतानाच मी एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड दुप्पट, वाढवून ठेवलं होतं, कारण तिथे गेल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. सातही नंदीध्वज उभे राहिले, "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" हा घोष झाला, आणि अक्षतांसाठी हजारो हात एकदम वर गेले. माझ्या फोटोत नंदीध्वज नाहीत. वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक पोर आहे, बाराबंदीची बाही तिच्या हातापेक्षा लांब, आणि त्या बाहीच्या टोकातून नुकत्याच सुटलेल्या अक्षता. बाही पांढरीशुभ्र आली आहे. वर्षभरातला तो एक फोटो मी मोठा करून घेतला.

त्याच महिन्यात 'चार' निघालं आणि मी स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. शाळेत असताना चारही नावं एका दमात म्हणायचो आम्ही. सकाळी एक माणूस पाइपने पुतळे धूत होता आणि चौघांच्या चेहऱ्यांवरून पाणी ओघळत होतं. एवढाच फोटो आहे. त्याविषयी जास्त बोलावंसं वाटत नाही.

आणि 'सावली'. ती मे महिन्यात निघाली, हे माझं नशीब. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर सोलापूरच्या डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. आपल्याकडे ही वेळ साधारण १२ वाजून २३ मिनिटांनी येते. ऑगस्टच्या सुरुवातीला असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं. आमच्या दुकानासमोर विजेचा खांब आहे. त्याच्या हातभर रुंद सावलीत उन्हाळाभर एक हमाल भाऊ आणि एक कुत्रं बसतात आणि सावली सरकेल तसे दोघंही सरकतात. त्या दुपारी मी पायरीवर कॅमेरा घेऊन बसले होते. सावली आखडत आखडत खांबाच्या बुडाशी आली आणि नाहीशी झाली. भाऊंनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं, मग हातगाडीखाली सरकले. त्यांच्यामागून कुत्रंही. गाडीची सावली तंतोतंत गाडीएवढी, आणि तिच्या कडेला लागून आत ओढून घेतलेले दोन पाय आणि चार पंजे. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. तो खांब दुकानापासून दहा पावलांवर आहे.

कॅमेरा लागतोच का, असंही तुम्ही विचारता. नाही लागत. मोबाइल चालेल, फक्त झूम वापरू नका. पण चिठ्ठीचा शब्द आणि रविवारची मुदत मात्र सोडू नका. मला मुदत नसती तर गुरुवारी मी त्या कारखान्यात परत गेले नसते. आणि प्रिंट काढा.

एक आठवडा सांगायचा राहिला. ऑक्टोबरमध्ये 'वाट' निघालं. अक्षर पुतण्याचं होतं. त्याच्या मनात रस्ता होता आणि माझ्याही. विजापूर रोडला पहाटे धुक्यात जायचं मी ठरवलं होतं. त्या मंगळवारी सासूबाईंना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं आणि पाच दिवस मी तिथल्या बाकावर होते. शेजारी एक आजोबा, अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातले, नातू आत होता. त्यांनी आणलेला डबा दुपारपासून मांडीवर तसाच होता. "आतून बोलावलं तर?" म्हणून ते डबा उघडत नव्हते. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला तो त्या स्टीलच्या डब्यावर आणि डब्यावरच्या त्यांच्या दोन्ही हातांवर पडला. रविवार होता. मी त्यांना विचारलं, फोटो काढू का? ते म्हणाले, "काढा, पण डब्याबरोबर नको. घरी दाखवायला चांगला काढा." दोन्ही काढले. डब्याचा भिंतीवर आहे, डावीकडून तिसरा. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. प्रिंट घेऊन मी परत गेले तेव्हा आजोबा आणि नातू दोघंही घरी गेलेले होते, आणि गावाचं नाव मी विचारून ठेवलं नव्हतं.

त्यांचा तो चांगला फोटो, टोपी नीट केलेला, काउंटरच्या वरच्या खणात पाकिटात आहे. अक्कलकोटच्या बाजूचं कुणी औषधाला आलं की मी तो काढून दाखवते.