तालमीच्या पीसींवर डेबियन: डिस्क राइट करण्याआधी चेकसम, नंतरही चेकसम

आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या तालमीच्या अभ्यासिकेत जुन्या पीसींवर डेबियन ही फुकटची लिनक्स सिस्टीम चढवायचं काम पुढं सरकलंय. मशिनं ३२ बिटची, पेनड्राइव्हवरून बूट होत नाहीत. डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, म्हणून १२ घेतलं. अभ्यासिकेत नेट नाही, त्यामुळं डेबियनच्या पहिल्या डीव्हीडीची अख्खी फाइल (आयएसओ, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल) उतरवली.

पावसाळ्यात लाइट जाते, डाउनलोड तुटतं, परत जोडावं लागतं. अशा फाइलचा आकार बरोबर आला म्हणून आतला माल बरोबर असेलच असं नाही. एक बिट इकडचा तिकडं झाला तरी एसएचए-२५६ पद्धतीच्या चेकसमची, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेल्या ठशाची, ६४ अक्षरं पार बदलतात. नेट तुटक असेल तर टॉरेंटच घ्या. प्रत्येक तुकडा उतरतानाच तपासला जातो, बिघडलेला तेवढाच परत येतो.

डेबियननं दिलेल्या चेकसमच्या यादीवरची जीपीजी सहीही तपासतो, म्हणजे यादी खरंच त्यांचीच आहे याची डिजिटल खूण. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्सची साइट फोडून १७.३ सिनॅमनची लिंक मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) असलेल्या आयएसओकडं वळवली होती. साइटच दुसऱ्याच्या हातात गेली, तर तिच्यावर छापलेल्या आकड्याला काय अर्थ?

खरी मेहनत डिस्क राइट झाल्यावरची, आणि बरेच जण ती सोडतात. डिस्क बाहेर काढून परत घाला, नाहीतर मेमरीत राहिलेलाच डेटा वाचला जाऊ शकतो. मग अख्खी डिस्क वाचून चेकसम काढला तर पुष्कळदा जुळत नाही आणि चांगली डिस्क कचऱ्यात जाते. डीव्हीडीवर २०४८ बाइटच्या १६ सेक्टरांचा, म्हणजे ३२ केबीचा गट पुरा भरावा लागतो. फाइल मध्येच संपली की उरलेल्या जागेत शून्यं पडतात. ती शून्यंही हिशोबात आली की आकडा बदलणारच. म्हणून आयएसओच्या बाइटला २०४८ नं भागायचं आणि डीडी या लिनक्सच्या कमांडला तेवढेच सेक्टर वाचायला लावायचे. आता आकडा जुळायलाच हवा. नाही जुळला तर डिस्क बाद.

पण ही तपासणी माझ्या घरच्या ड्राइव्हवर. अभ्यासिकेतल्या ड्राइव्हची लेन्स जुनी, तिला तीच डिस्क वाचता येईलच असं नाही. त्यासाठी डेबियनच्या इन्स्टॉलरच्या मुख्य मेनूत मीडिया तपासायचा पर्याय आहे, तो प्रत्येक पीसीवर आधी चालवतोय. तो एमडी५ या जुन्या चेकसम पद्धतीवर चालतो. एमडी५ ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या डेटांचा एकच चेकसम, २००४ सालीच दाखवली गेलीय, त्यामुळं मुद्दाम केलेल्या फेरफारापुढं त्याच्यावर भरवसा नको. पण धूळ, ओरखडे, थकलेली लेन्स पकडायला तो पुरेसा आहे.

बहुतेक पीसी यातून पास झाले. कोपऱ्यातल्या दोघांवर मात्र तपासणी मध्येच अडकते, आणि दुसरी डिस्क घातली तरी तसंच, म्हणजे दोष ड्राइव्हचा. राजारामपुरीतल्या रिपेअरवाल्यांकडं जुने आयडीई (रुंद पट्टीच्या केबलनं जोडायचे) डीव्हीडी ड्राइव्ह मिळतात का बघतोय. कुणाकडं चालू स्थितीतला पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जातो.