सरांच्या फायली आणि एक स्वर आधी बंद झालेला कंस

पुण्यात आमच्या चर्चच्या क्वायरची गीतं सरांनी लिलीपाँड या संगीत छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ नोटेशनने (पाच रेघांवर) लिहून ठेवली होती, सोप्रानो ते बास चारही आवाज. सर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. ६३ फायली, बहुतेक २००२ ते २००४ मधल्या. नाताळच्या सरावाला प्रती हव्या होत्या आणि २.२४ आवृत्तीत एकीचीही धड पीडीएफ निघेना.

लिलीपाँडची फाइल म्हणजे साधा मजकूर, म्हणून तर ती वीस वर्षांनीही वाचता येते. जुन्या फायलींसाठी सोबत कन्व्हर्ट-लाय नावाचं छोटं प्रोग्रॅम येतं. ते फाइलीतली व्हर्जनची ओळ बघतं आणि त्या आवृत्तीनंतर बदललेलं लिखाण क्रमाने नव्या रीतीचं करतं. संगीत त्याला कळत नाही, ते फक्त शोधून बदलतं. आधी अख्खा फोल्डर कॉपी केला, मग ते चालवलं. ५४ फायली एका संध्याकाळी मार्गी लागल्या.

उरलेल्या नऊ फायलींत व्हर्जनची ओळच नव्हती. अशा वेळी मूळ आवृत्ती आपणच सांगावी लागते. मी अंदाजाने २.० दिली. एकही एरर नाही, पीडीएफ सुरेख! पण सरांची पेन्सिलने श्वासाच्या खुणा केलेली जुनी छापील प्रत शेजारी ठेवली आणि पोटात गोळा आला. तिसऱ्या ओळीपासून सोप्रानोचे शब्द एकेक स्वर अलीकडे सरकले होते.

रात्री उशिरा कारण सापडलं. २.० च्या आधी स्लर (स्वर जोडणारी कमान) संपवणारा कंस शेवटच्या स्वराच्या आधी लिहीत, आता तो स्वरानंतर येतो. त्यामुळे चार स्वरांचा स्लर तीनच स्वरांचा झाला. स्लरखाली एकच अक्षर गायचं असतं. मोकळ्या पडलेल्या चौथ्या स्वराने पुढचं अक्षर ओढून घेतलं आणि अख्खी ओळ सरकली. मूळ प्रतीवर पुन्हा कन्व्हर्ट-लाय चालवलं, या वेळी १.६ सांगून. कंस जागेवर गेला, शब्दही. तेव्हापासून एरर आला नाही एवढ्यावर मी विसंबत नाही, प्रत्येक पान गाऊन बघतो.

सरांनी शब्द रोमन लिपीत लिहिले होते, कारण लिलीपाँडमध्ये युनिकोड, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय, २.६ पासून आलं. मी ते देवनागरीत टाइप करायला घेतले. 'प्रार्थना'पाशी अडलो. गाताना तोंडात प्रार्-थ-ना येतं, पण लिहिताना रफार थ वर जातो. प्रा-र्थ-ना असं तोडलं तर डोळ्याला बरं दिसतं, पण र् भलत्याच स्वराखाली जातो. मी प्रार्-थ-ना ठेवलं. आल्टोतल्या काकूंना पहिल्या दिवशी खटकलं, दुसऱ्या दिवशी त्या सहज गायल्या.

त्या नऊ फायलींत व्हर्जनची ओळ मी हाताने घातली आहे.