पाठ असलेली आरती

गोव्यातील पेडणे तालुक्यातील आमच्या मूळ घरी चतुर्थीला सारे कुटुंब जमते. गेल्या वर्षी रात्रीची आरती रंगात आली असताना पुतण्याच्या फोनची बॅटरी संपली आणि त्याच्या खांद्यावरून वाचणाऱ्या चार-पाच जणांचा आवाज एकदम खाली आला. घुमट आणि शामेळ ही मातीची चर्मवाद्ये आणि कासाळे म्हणजे झांजा चालूच होत्या. शब्द मात्र एकट्या काकूंच्या तोंडी उरले. ऐंशी ओलांडलेल्या काकूंनी पुढची तिन्ही कडवी डोळे मिटून पूर्ण केली. मला ते फार लागले, कारण लहानपणी याच माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधून टांगलेल्या लाकडी चौकटीखाली, उभा राहून मी वीसेक आरत्या पाठ म्हणत असे आणि आज पडद्याकडे पाहिल्याशिवाय मलाही पुढची ओळ सुचत नाही.

फोनने आम्हाला काय दिले, हे मी विसरलेलो नाही. थोरला भाऊ मुंबईला होता तेव्हा रात्री अकरानंतर दर पाव होतो म्हणून आम्ही पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांग लावत असू आणि मीटरचे आकडे पळताना पाहून बोलणे आवरते घेत असू. देशात मोबाईल सेवा १९९५ साली सुरू झाली, पण येणारा कॉल फुकट होण्यास २००३ साल उजाडले. आता तोच भाऊ मस्कतहून व्हिडिओ कॉलवर आरतीला हजर असतो. आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्यामुळे त्याची टाळी आमच्या टाळीशी जुळत नाही, म्हणून तो आपला माइक बंद ठेवून तिकडे एकटाच म्हणतो. त्याला घुमट मात्र ऐकू येत नव्हते. बोलणे स्पष्ट यावे म्हणून कॉलमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळला जातो आणि २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून गौरवले गेलेले हे वाद्य त्या गाळणीत गोंगाटच ठरते. हे उमगल्यापासून आम्ही आरती वेगळी रेकॉर्ड करून त्याला पाठवतो.

त्याच रेकॉर्डिंगमुळे एक गोष्ट ध्यानात आली. काकूंनी म्हटलेल्या कडव्यांपैकी दोन कडवी फोनवरच्या कोणत्याही आरती संग्रहात आम्हाला सापडली नाहीत. ती आमच्या वाड्यावरची, कोणा पूर्वजाने जोडलेली असावीत, असे काकूंचे म्हणणे आहे. कोणी भरले तेवढेच फोनमध्ये असते, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. फोनमध्ये सारे आहे या भरवशावर आम्ही पाठांतर सोडले आणि जे कोणी लिहूनच ठेवले नव्हते, ते एका म्हातारीच्या स्मरणावर तगून राहिले.

दिवाळीपासून पुतण्या दर रविवारी काकूंसमोर फोन ठेवून त्यांच्या आरत्या रेकॉर्ड करतो आणि मी त्या ऐकून वहीत उतरवतो. आतापर्यंत अकरा झाल्या. बाराव्या आरतीतील एक ओळ काकूंना आठवत नाही. ती जागा मी वहीत कोरी सोडली आहे.