सव्वातीन फुटांवरची अक्षरं

२०२३ साली पालख्या १२ जूनला पुण्यात आल्या आणि १४ तारखेला सकाळी पुढे निघाल्या. शाळा १५ जूनला उघडणार होती. म्हणजे मध्ये हाताशी एकच दिवस. आमची शाळा पेठेतली, महापालिकेची. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, तुकोबांचा नाना पेठेत, त्यामुळे आजूबाजूच्या शाळांमध्ये दिंड्या उतरणार हे ठरलेलंच. बऱ्याच वर्षी तोवर शाळा सुरू झालेली असते, मुलं रुळलेली असतात. या वेळी पहिलीच्या नव्या पोरांच्या आधी वारकरी माझ्या वर्गात येऊन गेले.

मी आपली हुशारी केली होती. ९ तारखेलाच वर्ग सजवून मोकळी झाले होते. बोहरी आळीतून क्रेप आणि कार्डशीट आणले, स्वतःच्याच पैशाने. मुळाक्षरांची कार्डं, प्रत्येकावर अक्षर आणि खाली चित्र. भिंतीला खालून चार फूट चॉकलेटी तैलरंगाचा पट्टा आहे. त्यावर कार्डं उठून दिसेनात, म्हणून वरच्या पांढऱ्या भागावर लावली. वर्षभर हलायला नकोत म्हणून फेव्हिकॉलने. फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. चौदा अंगठे आले.

१३ला संध्याकाळी पाण्याचं आणि दिव्यांचं बघायची पाळी माझी होती. माझ्या वर्गात परभणीकडच्या बायकांची दिंडी होती. बाकं व्हरांड्यात रचलेली, आत पथाऱ्या. खिडकीच्या गजापासून दुसऱ्या गजापर्यंत दोरी बांधून ओली लुगडी वाळत घातली होती, आणि त्यातलं एक नेमकं माझ्या ‘क ख ग घ’वर लोंबत होतं. मला आलाच राग. पण पाय चेपून घेत पडलेल्या त्या म्हाताऱ्यांना काय बोलणार? एक आजी उताणी पडून भिंतीकडे बघत होत्या.

‘‘बाई, हे तुम्ही लावलंय?’’

‘‘हो आजी. पहिलीच्या मुलांसाठी.’’

‘‘ग्वाड हाय. मला हितं पडल्या पडल्या दिसतंय. पर लेकरं तर हुभी ऱ्हात्याल न्हवं? एवढ्या वर कशापायी टांगलंय? मान दुखंल की त्यांची.’’

मी हसून विषय बदलला. घरी जाताना मात्र चिडचिड होत राहिली, कारण बाई खरं बोलल्या होत्या. अठरा वर्षं शिकवतेय मी. प्रशिक्षणात ‘मुलांच्या नजरेच्या टप्प्यात’ हे शब्द इतक्यांदा ऐकलेत की ते आता कानात शिरतच नाहीत.

१४ला रस्ते बंद. स्वारगेटला गाडी लावून चालत गेले. वर्गात पोचले तर दिंडी गेलेली आणि फरशी चक्क झाडलेली. कोपऱ्यात गोपीचंदनाचा ठिपका, फळ्याच्या कडेला बुक्का. त्या दिवशी एकादशी, त्यामुळे खरकटं असं काही नाही, केळ्याच्या साली तेवढ्या एका पिशवीत नीट बांधून ठेवलेल्या. दोरी मात्र तशीच गजाला.

मावशी, म्हणजे आमच्या शिपाई, नातीला घेऊन आल्या होत्या. ती यंदा पहिलीतच. मी तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. टेपने मोजलं, सव्वातीन फूट. माझा ‘अ’ होता साडेपाच फुटांवर. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. आठ दिवस मी तो वर्ग स्वतःसाठी सजवत होते, किंवा सरळ सांगायचं तर फोटोसाठी.

मग गुडघ्यांवर बसून सगळा वर्ग फिरले. मावशी म्हणाल्या, ‘‘बाई, आता लोटांगण पण घ्या.’’ पण खालून वर्ग वेगळाच दिसतो, हे खरं. खिडकीतून बाहेरचं काहीच दिसत नाही, फक्त आभाळ. दाराची कडी हातात येत नाही. दप्तरं अडकवायचे खिळे थेट कपाळाच्या उंचीवर, आणि दोन तर उघडे, टोकदार. नावाच्या पाट्यांचा विचारही बदलला. पटावर ३४ नावं. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होणाऱ्यांनाही आपल्याकडे प्रवेश असतो, त्यामुळे जूनमध्ये काही जण जेमतेम साडेपाचचे. शिवाय निम्म्या घरांत मराठी नाही; कुणी नेपाळी बोलतं, कुणी कन्नड, कुणी भोजपुरी. ही मुलं पहिल्या दिवशी आपलं नाव वाचणार कशी? म्हणून प्रत्येक नावाशेजारी एकेक चित्र काढलं. मासा, किल्ली, पेरू, बस. खिळ्याखाली तेच, बाकावर तेच.

कार्डं उतरवणं हा वेगळाच सोहळा. फेव्हिकॉलने आपलं काम चोख केलं होतं. मावशींनी घरून उलथणं आणलं. ‘ज्ञ’ निघाला तो भिंतीचा पापुद्रा घेऊनच. ‘ट’ ते ‘न’ फाटले ते पुन्हा केले, दुपारी दोन ते पाच. पुन्हा लावताना ओळीने लावलेच नाहीत. शिकवताना आम्ही अक्षरांचे गट करून शिकवतो, म्हणजे चारपाच अक्षरांत लगेच शब्द तयार होतात. मग भिंतीवर ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत कवायत कशाला? चॉकलेटी पट्ट्यावर आधी पांढरा कागद, त्यावर कार्डं, आणि या वेळी टाचणी नाही, डिंक नाही, नुसती कागदी टेप. वरच्या भिंतीवर जिथे पापुद्रे निघाले तिथे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांची उलटी बाजू. दिंडीची दोरी सोडली नाही. तीच दोन हात खाली घेतली, चित्रं टांगायला.

निघायला साडेसात झाले. फोटो काढायचं राहून गेलं.

१५ला फुगे, औक्षण, गुलाबाचं फूल, पाहुण्यांचं भाषण, सगळं रीतसर पार पडलं. रडारड अपेक्षेपेक्षा कमी. पाच जण, त्यातला एक बापाच्या शर्टाला लटकून. खिळे आधीच काढून बुटके हूक लावले होते, पण दप्तर कुणीच अडकवलं नाही. सगळ्यांनी ते पोटाशी धरलं. भिंतीला मात्र लगेच हात लागले. मावशींची नात ‘पेरू’वर नखं ओढत होती. एकाने ‘म’वरचा मासा चाटून बघितला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन कार्डं गायब. दोन बाकांखाली सापडली. तिसरं, ‘छ’ छत्रीचा, मिळेना. साडेअकराला त्या शर्टाला लटकणाऱ्या मुलाच्या खिशातून पिवळा कोपरा डोकावताना दिसला.

‘‘हे कुठे चाललं?’’

‘‘घर ले जाऊंगा.’’

‘‘का रे?’’

तो खिडकीतल्या आभाळाकडे बघत राहिला. मी काही काढून घेतलं नाही. ‘छ’ची जागा आठवडाभर मोकळीच होती. पावसाने त्या वर्षी पुण्यात जून सरता सरता तोंड दाखवलं.